एका क्रियापदाची माळ

या मित्रांनो, जवळ या. असे खाटेला टेकून बसा. मोठ्याने बोलण्याइतका दम आता माझ्यात उरलेला नाही, पण तुम्ही कान दिलात तर एक गोष्ट सांगते. आमच्या गावात पाच दिवसांत काय घडले आणि ते पाहताना माझा जीव कसा टांगणीला लागला, ते सारे सांगते. फक्त गोष्ट संपेपर्यंत उठायचे नाही. रंगलेल्या कीर्तनातून कोणी मध्येच चपला शोधायला जाते का?

मी एक जुनी माळ आहे. तुळशीची नाही, रुद्राक्षांची नाही, मोत्यांची तर नाहीच नाही. मी लग्नपत्रिका कापून केलेल्या जाड पानांची माळ आहे. देवळीजवळच्या आमच्या गावात मनोहरराव मास्तरांनी पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्यामुळे गावात लग्न कोणाचेही असो, नवरा नाहीतर नवरी मास्तरांची विद्यार्थी असायचीच, आणि पत्रिका पहिली त्यांच्या दारात पडायची. लग्न उरकले की त्यांच्या पत्नी सखूबाई पत्रिकांचा गठ्ठा चुलीकडे न्यायच्या आणि मास्तर आडवे यायचे.

“अवं, गणपती हाये त्याच्यावर. चुलीत काऊन घालतं?”

मग पत्रिकेवरचा गणपती देवघरात जायचा आणि मागचे कोरे पान मास्तरांच्या कात्रीखाली. अशी माझी पाने तयार झाली. एका बाजूला निळ्या शाईने इंग्रजी वाक्य, दुसऱ्या बाजूला काळ्या शाईने मराठी. कोपऱ्यात भोक पाडून त्यांनी मला सुती दोऱ्यात ओवले. आणि नवल असे की माझ्या बहुतेक साऱ्या पानांवर एकच क्रियापद होते. कीप.

सखूबाई हसल्या होत्या. “एका शब्दासाठी एवढी माळ? बाकीच्या शब्दाईनं काय पाप केलं जी?”

“देव एकच हाये ना? अन् नावं किती त्याची? मंग शब्दालेबी चार नावं असू दे,” मास्तर म्हणाले.

मित्रांनो, कीप म्हणजे ठेवणे, एवढे तर पाचवीतले लेकरूही सांगते. मास्तर तिथे थांबत नसत. उन्हाळ्यात दूध टिकत नाही, ते टिकणे म्हणजे कीप. परसात चार कोंबड्या पाळता ते कीप, आणि दिलेला शब्द पाळता तेही कीप. “इंग्रजाले कोंबडी अन् वचन पाळाले एकच शब्द पुरते,” असे म्हणून ते स्वतःच पोट धरून हसत. एकादशी धरणे कीप. रानडुकरांपासून हरभऱ्याची राखण करणे कीप. देवळात गप्प बसणे कीप, आणि गप्प न बसता बोलतच राहणे, तेही कीप! जाळापासून लांब राहणे कीप, टाळाने ताल धरणे कीप, निघालेल्या पाहुण्याला गोष्टींत गुंतवून थांबवून घेणेही कीप.

माझ्या शेवटच्या वीस पानांवर त्याचे भाऊबंद आहेत. स्टोअर म्हणजे कोठीत भरलेले गहू. प्रिझर्व म्हणजे बरणीत मुरलेले लोणचे. गार्ड म्हणजे मळ्यातल्या माचीवरचा राखणदार. तो भाकर खायला घरी गेला की गार्ड संपले. होल्ड म्हणजे हातात धरणे. “अन् हात सुटल्यावरही जे सुटत नाई, ते कीप,” हे वाक्य म्हणताना मास्तरांचा आवाज जरा खाली यायचा. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

एकशे आठ पाने करायचा त्यांचा संकल्प होता. एक्क्याण्णव झाली. सतरा राहिली.

नोकरीतून मोकळे झाल्यावर मास्तरांनी शाळा भरवली ती घराला लागून असलेल्या मारुतीच्या देवळात. दिवेलागणीला पोरे जमायची. मास्तर खांद्यावर उपरणे टाकून, मला डाव्या हातात धरून कीर्तनकारासारखे उभे राहायचे. पोरांच्या हातात टाळ, एक जण देवळाच्या हार्मोनियमवर. आधी नामस्मरण, मग माझे एकेक पान आणि त्याचे गाणे. मास्तर उजवा हात उंच करून विचारायचे,

“कोणी काय ठेवियले, सांगा बाई सांगा?”

पोरे पानावरचे वाक्य आठवून सुरात उत्तर द्यायची,

“आईनं दही ठेवियले, सांगा बाई सांगा.”

आणि मग सगळे मिळून टाळाच्या ठेक्यावर,

“कीप म्हणा, हरी म्हणा, कीप म्हणा, हरी.”

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मास्तरांनी कधी कोणाला उभे करून ‘सांग याचा अर्थ’ असे विचारले नाही. कोणी अडकले तर सगळे ‘हरी म्हणा’ची एक फेरी जास्त घ्यायचे, आणि तेवढ्यात अडकलेल्याला शब्द सापडायचा. गाणे थांबायचे नाही. ही त्यांची रीत होती, आणि ती माझ्याइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेली नव्हती.

त्या पोरांत टेकडीकडच्या कोलाम आदिवासी पोडावरची रीना होती. पोड म्हणजे त्यांची पंधरा-वीस घरांची वस्ती. अंधार पडायचा म्हणून तिचे वडील पुनाजी तिला घ्यायला यायचे आणि देवळाच्या पायरीवर बसून राहायचे. मास्तर आत बोलवायचे.

“आत येऊन मी काय करू गुरुजी? मले अक्षर लागत नाई,” पुनाजी म्हणायचे. पण पायरीवर बसल्या बसल्या त्यांचा गुडघा ठेक्यावर हलायचा.

रीना बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिने नर्सिंगचा अर्ज भरला. त्याच आठवड्यात ती एक निळी फाईल घेऊन मास्तरांकडे आली. गुणपत्रिका, शाळेचा दाखला, जमातीचा दाखला, त्याचे वैधता प्रमाणपत्र. सगळे मूळ कागद.

“सर, हे तुमच्याजवळ ठेवा. आमच्या घरी वाळवी हाये. मागच्या साली बाबाचे जंगलाच्या जमिनीचे कागद तिनं खाल्ले. खोकं उघडलं तं नुसती माती.”

मास्तरांनी फाईल दोन्ही हातांनी घेतली. “तुह्या नंबर लागला का मीच घेऊन येतो वर्ध्याले. तोवर हे माह्यापाशी. काळजी करू नको.”

आता त्या बुधवारी काय झाले ते ऐका. देवळाच्या हार्मोनियमच्या भात्याला भोक पडले होते. मास्तर सकाळी देवळातूनच ती तिच्या लाकडी खोक्यात घालून देवळीला अण्णाजींकडे निघाले. अण्णाजी वाद्यांची दुरुस्ती करतात. जाता जाता रीनाच्या कागदांच्या झेरॉक्सही काढून ठेवाव्यात असे मास्तरांच्या मनात आले. पण हातात छत्री, खांद्यावर मी, आणि खोका तर दोन्ही हातांचा. म्हणून फाईल त्यांनी खोक्याच्या तळाशी आडवी ठेवली आणि वर हार्मोनियम. देवळीला पोहोचले तर वीज गेलेली. झेरॉक्सचे दुकान अंधारात.

“खोका असाच राहू द्या अण्णाजी, उद्या येतो,” मास्तर म्हणाले.

“आरामात येजा मास्तर. भाता दोन दिवस घेते,” अण्णाजी म्हणाले. त्यांनी हार्मोनियम उचलून समोर घेतली आणि खोका न पाहताच वरच्या फळीवर सरकवून दिला. आत काय आहे हे त्या दुकानात दोघांनाच ठाऊक होते, मास्तरांना आणि मला.

परत येताना आमच्या फाट्यावर मास्तर बसमधून उतरले. एक पाय खाली ठेवला आणि दुसरा ठेवताच आला नाही. ते रस्त्याच्या कडेला कोसळले. मी त्यांच्या छातीखाली सापडले. त्यांचा श्वास माझ्या पानांवर जोरजोरात आपटत होता.

बारा दिवसांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवे अंग लुळे पडले होते आणि वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता. ‘हाव.’ तहान लागली का? हाव. दुखते का? हाव. मी कोण, ओळखता का? हाव. होकारासाठीही हाव आणि नकारासाठीही हाव. कधी कधी ‘नाही’ म्हणायला त्यांचा चेहरा पिळवटून यायचा, आणि ओठांतून पडायचा तो ‘हाव’च. तो ऐकून ते स्वतःच डोळे मिटून घ्यायचे.

मित्रांनो, आमचे गाव प्रेमळ आहे. त्या प्रेमानेच घात केला. मास्तरांना त्रास नको म्हणून देवळावरचा भोंगा उतरवला. टाळ पोत्यात बांधून ठेवले. संध्याकाळचे भजन बंद, पोरांची शाळा बंद. सखूबाई पहाटे दळताना गुणगुणायच्या, त्याही ओठ दाबून बसू लागल्या. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला मुलगा नीलेश रजा टाकून आला होता; तो दारात बसून येणाऱ्याला हळूच सांगायचा, “आवाज नोका करू जी.” ज्या माणसाने जन्मभर सुरातून शब्द दिले, त्याच्याभोवती आम्ही सुराचा एक थेंब ठेवला नाही. मी खिळ्यावर टांगलेली होते. मला ओरडून सांगायचे होते, पण कागदाला तोंड कुठले?

अण्णाजीही येऊन गेले. खाटेजवळ पाच मिनिटे बसले. त्यांच्या ओठांवर शब्द आला होता, मी पाहिला. “ते हार्मोनियम...” एवढे म्हणून त्यांनी तो गिळला. घरात असे दुखणे आणि मी भात्याचे काय काढू, असे त्यांना वाटले असावे. मास्तरांनी डावा हात उचलला, बोटे हवेत नाचवली, घशातून आवाज काढला. अण्णाजींनी डोळे पुसले, त्या हाताला नमस्कार केला आणि निघून गेले. ते दाराबाहेर पडले तेव्हा मास्तरांनी मान भिंतीकडे फिरवली. माझी एक्क्याण्णव पाने थरथरली. लोकांना वाटले, वारा आला.

मग सोमवार उजाडला. पडल्याला एकोणीस दिवस झाले होते. रीना धावत आली, मागून पुनाजी. “काकू, लागला माह्या नंबर! शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागद दाखवा लागते. सरनं ठेवले हायेत ना?”

सखूबाईंना फाईल आठवत होती. तिची जागा आठवत नव्हती, कारण मास्तरांनी ती कुठे ठेवली हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्या खाटेजवळ वाकल्या. “अजी, पोरीचे कागद कोठी हायेत? कपाटात?”

“हाव.”

कपाट रिकामे केले. नाही.

“संदुकीत ठेवले का?”

“हाव.”

संदूक उपडी केली. नाही. देवघरातल्या पोथ्या झटकल्या, गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातले. प्रत्येक वेळी आधी ‘हाव’ आणि मग रिकामे हात. मंगळवारी सखूबाईंनी गादीची शिवण उसवून आतला कापूस अंगणात पसरला. शेजारीण म्हणाली, “काय शोधून राह्यली वं बाई, सोनं?” सखूबाई कापूस चाचपतच राहिल्या.

मास्तर हे सारे खाटेवरून पाहत होते. डावा हात पुन्हा पुन्हा दाराकडे जायचा. नीलेशला वाटायचे बाहेर न्या म्हणतात. तो त्यांना उचलून ओट्यावर बसवायचा. ओट्यावरून हात रस्त्याकडे जायचा. “ऊन लागून राह्यलं का बाबा?” “हाव.” पुन्हा आत.

बुधवारी नीलेशने मला खिळ्यावरून काढले. बोलण्याचा सराव करून घ्या, असे त्याला दवाखान्यात सांगितलेले होते. मला केवढी आशा वाटली! आता गातील, आता कोणीतरी ‘कोणी काय ठेवियले’ म्हणेल. पण नीलेशने एक पान मास्तरांच्या डोळ्यांपुढे धरले.

“बाबा, हे काय? म्हणा. ठे... व... णे. म्हणा ना. ठे...”

मास्तरांच्या कपाळावर घाम आला.

“बरं, हे? राखणे. रा... एवढं तं तुमीच शिकवलं आम्हाले!”

त्याचा आवाज चढत होता. रागाने नव्हे, भीतीने. मास्तरांनी डाव्या हाताने माझी दोन पाने चिमटीत धरली आणि एकमेकांवर आपटली. ठक ठक, ठक ठक. मित्रांनो, तो टाळ होता! ते ठेका मागत होते! मी ते ओळखले, आणि मला बोलता येत नव्हते. नीलेश मागे सरकला. “आई, राग आला त्याईले.” त्याने मला सोडवायला ओढले, मास्तरांनी सोडले नाही, आणि माझा दोरा तटकन तुटला. पाने खाटेखाली, चुलीजवळ, दाराबाहेर उधळली. मास्तर हमसून हमसून रडले. नीलेश अंगणात जाऊन कापसाच्या ढिगाजवळ उकिडवा बसला आणि तोही रडला.

सखूबाईंनी सगळी पाने सुपात गोळा केली. त्यांना इंग्रजी येत नाही. हाताला येईल तसे ओवले आणि गाठ मारली. मी उलटीसुलटी झाले. शब्द पाळण्याशेजारी लोणचे आले, गप्प बसण्याशेजारी डुकरे आली. पण मी कशाला तक्रार करू?

गुरुवारी रीना वर्ध्याला जाऊन आली. झेरॉक्स चालत नाही, कागद नवे काढायला महिने लागतात, आणि शुक्रवारी पाचनंतर जागा पुढच्या नंबरच्या मुलीला जाते. एवढे सांगून ती दारातूनच परत गेली.

शुक्रवारी दुपारी पुनाजी आणि रीना आले. घर विस्कटून पडले होते. रीना ओट्यावर बसली. ती रडत नव्हती. नुसती नखाने ओट्याची माती खरवडत होती. पुनाजी आत आले.

“बाई, गुरुजीच्या पाया पडतो अन् जातो. पोरगी उद्यापासून शेतात निंदाले जाईन, त्यात काय लाज हाये? पण गुरुजीले असं वाटू नये, का आमी रागानं आलो नाई.”

पुनाजी खाटेजवळ जमिनीवर बसले. मास्तरांच्या पायावर डोके ठेवले. आणि मग त्यांची नजर उशाशी पडलेल्या माझ्यावर गेली.

“हे गुरुजीची जपमाळ हाये ना?”

समजावून सांगायचे त्राण सखूबाईंत नव्हते. “तेच समजा जी,” त्या म्हणाल्या.

पुनाजींनी मला कपाळाला लावले. एक पान अंगठ्याने पुढे सरकवले, जसे मणी सरकवतात. पानावर काय आहे हे त्यांना कळत नव्हते. ते त्यांनी उलटे धरले होते. ह्या माळेबरोबर जे म्हणायचे असते ते मात्र त्यांना ठाऊक होते. चार वर्षे पायरीवर बसून ऐकले होते. त्यांनी डोळे मिटले आणि खरखरीत, जाड आवाजात सुरू केले,

“कोणी काय ठेवियले, सांगा बाई सांगा...”

सखूबाई धावल्या. “नका जी गाऊ, त्याईले तरास...” त्यांचा हात पुनाजींच्या खांद्याकडे गेला. पण तोवर ‘कीप म्हणा, हरी म्हणा’ आले होते. मित्रांनो, त्या घरात नाम घेणाऱ्याला कोणी कधी मध्येच तोडले नव्हते. सखूबाईंचा हात हवेतच राहिला. हरीला गप्प कसे करायचे?

पुनाजींनी दुसरे पान सरकवले. प्रश्न म्हटला. उत्तर म्हणणारे कोणी नव्हते, म्हणून थोडे थांबले आणि ‘हरी’ची फेरी घेतली. तिसरे पान. मास्तरांच्या डाव्या हाताचे बोट खाटेच्या लाकडावर पडू लागले. टक. टक टक. चौथे पान. मी देवाला म्हटले, देवा, माझी सगळी शाई घे, पण आता ह्या माणसाला थांबवू नकोस.

“कोणी काय ठेवियले, सांगा बाई सांगा?”

“आ... ईनं,” खाटेवरून आवाज आला, फाटका, पण सुरात, “दही ठेवियले, सांगा बाई सांगा.”

नीलेश दारात आला. पुनाजींनी मात्र डोळेही उघडले नाहीत. त्यांच्या लेखी त्यात अचंबा काहीच नव्हता. ते गाणे असेच असते, एक विचारतो आणि दुसरा सांगतो. त्यांनी पुढचे पान घेतले.

“माळ्यानं मळा राखियला, सांगा बाई सांगा.”

पुढचे. “रामानं शब्द पाळियला.” पुढचे. “आजीनं लोणचं मुरविले.” शब्द येत होते, एकामागून एक, ओल्या जमिनीतून अंकुर यावेत तसे. आणि मी थरथरत वाट पाहत होते, कारण माझ्या एक्क्याण्णव पानांत जे नव्हते तेच आज हवे होते.

“कोणी काय ठेवियले, सांगा बाई सांगा?”

मास्तर थांबले. डोळे उघडून त्यांनी पुनाजींकडे पाहिले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

“अण्णाजीनं...”

आणि अडकले. नीलेश पुढे झाला, “काय बाबा? अण्णाजीनं काय?” मास्तरांचे तोंड उघडेच राहिले, नजर विझू लागली. मला वाटले, गेले, सगळे गेले! पण पुनाजींनी त्याच वेळी, काही न विचारता, मांडीवर ठेका धरून ‘हरी’ची एक फेरी जास्त घेतली. मग दुसरी. ओट्यावरून रीना आत आली आणि तिनेही सूर धरला. सखूबाईंनीही. नीलेशला गाता येत नव्हते. तो टाळ्या वाजवू लागला. फेरी संपली आणि पुनाजींनी पुन्हा तोच प्रश्न म्हटला.

“अण्णाजीनं... खोक्यामंदी... कागद ठेवियले,” मास्तर म्हणाले, आणि उरलेला श्वास सोडून ‘सांगा बाई सांगा’ही पूर्ण केले.

नीलेशने मोटारसायकल काढली तेव्हा अडीच वाजून गेले होते. रीना मागे बसली. आधी देवळी, मग वर्धा. मी इथेच होते, त्यामुळे रस्त्यात काय झाले ते मला नंतर कळले. अण्णाजी दुकान बंद करून जेवायला गेले होते. घर शोधून त्यांना ताटावरून उठवले. फळीवरून खोका काढला आणि तळाची निळी फाईल पाहून त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतले. “मी येऊन गेलो वं पोरी! बोलायसाठी तोंड उघडलं अन् मिटलं!”

इकडे घरात कोणी हलत नव्हते. चार वाजले. साडेचार. पुनाजी मला हातात धरूनच बसले होते. त्यांच्या तळव्याच्या घामाने माझी दोन पाने पुसली गेली. पाच वाजले. फोन नाही. सव्वापाचला वाजला.

“काकू, घेतले! कागद घेतले! लास्टची होती मी, माह्या मागं त्याईनं दार लावलं.”

सखूबाईंनी फोन मास्तरांच्या कानाला लावला. रीना त्यात रडत होती, हसत होती. पण मास्तर इतके थकले होते की त्यांना गाढ झोप लागली होती. कितीतरी दिवसांत ते असे झोपले नव्हते. सखूबाईंनी त्यांना उठवले नाही. त्या पुनाजींपुढे वाकल्या, तर पुनाजी घाबरून मागे सरले. “हे काय करता बाई? मी तं नुसती माळ ओढली.”

त्या दिवसाला आता दोन वर्षे होत आली. रीना वर्ध्याला शिकते. टाळ पोत्यातून निघाले, हार्मोनियम देवळात आली, सखूबाई दळताना गातात. पण मित्रांनो, मास्तर बोलत नाहीत. आम्हांला वाटले होते, एकदा बांध फुटला की सगळे पाणी येईल. तसे झाले नाही. ते फक्त गाताना शब्द म्हणतात, आणि तेही कमी होत चालले आहेत. दर शुक्रवारी पुनाजी येतात, मला कपाळाला लावतात आणि प्रश्न म्हणतात. सुरुवातीला मास्तर तीस-तीस पानांची उत्तरे द्यायचे. मग वीस झाली. मागच्या शुक्रवारी नऊ झाली. लोणचे गेले, मळा गेला. दही अजून आहे. एकेक उत्तर गळते तेव्हा माझे ते पान आतून कोरे झाल्यासारखे वाटते. उरलेली सतरा पाने आता कोण लिहिणार? मी जुनी झाले आहे, माझ्या कडा कुरतडल्या आहेत, आणि रात्रंदिवस मला एकच धास्ती आहे, की एका शुक्रवारी प्रश्न येईल आणि खाटेवरून काहीच येणार नाही.

तुमच्याकडे मी कागदाची किंवा दोऱ्याची काळजी मागत नाही. मी फाटणारच. पण तुमच्या घरात, शेजारात कोणाची वाचा गेली, कोणाची आठवण गेली, तर प्रेमापोटी त्याच्याभोवतीचे घर मुके करू नका. त्याला प्रश्न विचारून घाम फोडू नका. त्याला जे आवडत होते ते त्याच्याजवळ बसून करा. तो अडकला तर थांबा, एक फेरी जास्त घ्या.

आणि तसे कोणाजवळ बसाल तेव्हा पोडावरच्या पुनाजींना आठवा. त्यांना माझ्यावरचे एक अक्षरही वाचता आले नाही, आणि पानही त्यांनी उलटेच धरले होते. त्यांचे नाव विसरू नका, मित्रांनो. पुनाजी.